लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये : ओवाळणी, रेवडी की हक्क?

लाडकी बहीण योजनेवर कुणी पोस्ट टाकली की खालच्या कमेंट्स ठरलेल्या असतात. पहिली : "आमच्या टॅक्सच्या पैशांवर फुकट वाटप चाललंय." त्यावर दुसरी : "उद्योगपतींना सवलती देतात तेव्हा टॅक्स आठवत नाही का?" आणि थोडं खाली गेलं की तिसरी येतेच : "ते २,१०० चं काय झालं?"

भांडण रोजचंच आहे. पण या गोंधळात एक प्रश्न बाजूला राहतो. हे पैसे सरकारने खुशीने दिलेली भेट आहे की त्या बाईचा हक्क? रक्कम तीच असली, तरी उत्तर बदललं की सगळंच बदलतं. कसं ते बघूया.

आधी योजनेची गोष्ट

२८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात ही योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयोगटातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांना महिन्याला १,५०० रुपये. वर्षाचा अंदाजे खर्च ४६ हजार कोटी.

ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या तोंडावर, पहिले दोन हप्ते खात्यात आले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे पैसे तर दिवाळीच्या आधीच एकत्र जमा झाले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. तोवर बहुतेक महिलांच्या खात्यात एकूण ७,५०० रुपये पोहोचले होते.

प्रचारात बोली वाढत गेली. महायुतीने २,१०० रुपयांचं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीने ३,००० चं. महायुतीला मोठं बहुमत मिळालं आणि मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० चा उल्लेख नव्हता. तिसरी कमेंट येते ती इथून.

'रेवडी' हा शब्द कुठून आला?

जुलै २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनात 'रेवडी कल्चर'वर टीका केली. फुकट वाटून मतं मिळवण्याची पद्धत देशाला घातक आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी भाजपची सत्ता असलेल्या मध्य प्रदेशात 'लाडली बहना' सुरू झाली. पश्चिम बंगालमध्ये तृणमूलने २०२१ मध्येच 'लक्ष्मीर भांडार' आणली होती, कर्नाटकात काँग्रेसने २०२३ मध्ये 'गृहलक्ष्मी' आणली. थोडक्यात काय, तर दुसऱ्याने दिली की रेवडी आणि आपण दिली की कल्याणकारी योजना. यात कुठलाच पक्ष मागे नाही.

कोर्टाचं काय? जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार 'भ्रष्ट आचरण' ठरत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं. २०२२ मध्ये याचा फेरविचार तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला.

परवडतं का?

हिशेब मांडून बघा. २०२४ च्या अखेरीस लाभार्थी होत्या सुमारे २ कोटी ३४ लाख. त्यांना वर्षभर १,५०० द्यायचे तर ४२ हजार कोटी लागतात. २,१०० द्यायचे तर जवळपास ५९ हजार कोटी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद झाली ३६ हजार कोटींची. वर्षाला एका महिलेचे १८ हजार धरले, तर हे पैसे पुरतात बरोबर २ कोटी महिलांना. म्हणजे उरलेल्यांची नावं कुठून तरी कमी होणार, हे कागदावरच दिसत होतं.

३६ हजार कोटी म्हणजे राज्याच्या अंदाजित महसुलातल्या दर १०० रुपयांमधले जवळपास साडेसहा रुपये. त्याच वर्षीची महसुली तूट साधारण ४६ हजार कोटींची. आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी मे २०२५ मध्ये उघड नाराजी व्यक्त केली होती. त्यामुळे "पैसा येणार कुठून?" हा प्रश्न फक्त टॅक्स भरणाऱ्याचा नाही. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलीचाही तो आहे.

पण दुसऱ्या कमेंटमध्येही दम आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपन्यांवरचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सुटेल, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. त्याला 'प्रोत्साहन' म्हणतात. बाईच्या हातात १,५०० रुपये पडले की त्याला 'फुकट' म्हणतात.

आणि फुकट म्हणायचं तरी कसं? केंद्राच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८. जवळपास पाच तासांचं हे काम कुठल्याच पगारपत्रकात येत नाही.

मग भेट आणि हक्क यात फरक काय?

आयरिश तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांचा एक मुद्दा इथे कामी येतो. समजा, एखाद्या गुलामाचा मालक फार प्रेमळ आहे. मारत नाही, पोटभर जेवायला देतो. मग तो गुलाम स्वतंत्र झाला का? पेटिट म्हणतात, नाही. कारण मालकाची मर्जी कधीही फिरू शकते आणि हे गुलामाला ठाऊक असतं. दुसऱ्याच्या मर्जीवर जगावं लागत नाही, ते स्वातंत्र्य.

आता योजनांची नावं बघा. तमिळनाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये महिलांना महिना १,००० रुपये सुरू केले, त्या योजनेच्या नावात 'उरिमै' हा शब्द आहे. अर्थ : हक्क. आपल्याकडे नातं आहे भावा-बहिणीचं. ओवाळणी प्रेमाने मिळते, पण ताटात किती टाकायचं ते भाऊ ठरवतो.

नुसतं नाव बदलून भागत नाही हेही खरं. तमिळनाडूतही उत्पन्नाच्या आणि इतर अटी आहेतच. खरा फरक पडतो तो नियम कुणाच्या हातात आहेत यावर.

महाराष्ट्रात निवडणुकीनंतर पडताळणी सुरू झाली. सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे पैसे जून २०२५ पासून थांबवल्याचं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जुलैमध्ये सांगितलं. त्यात पुरुषांनीही लाभ घेतल्याचं उघड झालं, त्यामुळे पडताळणी चूक म्हणता येत नाही. पण ती मतदानाच्या आधी का झाली नाही, हा प्रश्न उरतोच.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात स्वतःसोबत पतीचं किंवा वडिलांचं आधार मागितलं होतं. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, वडीलही हयात नसलेल्या बायका अडकल्या. नंतर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली, मुदतही वाढवावी लागली. बाईच्या हातात स्वतःचा पैसा असावा म्हणून आणलेल्या योजनेत ओटीपी मात्र नवऱ्याच्या मोबाइलवर.

हक्क कसा दिसतो, हे महाराष्ट्राला माहीत आहे

१९७२ च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक, नाही दिलं तर बेकारी भत्ता. पैशाची तजवीजही आधीच केलेली. पगारदारांच्या पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर सुरू झाला तो या हमीसाठी. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच वाटेने पुढे गेला.

रोजगार हमीतही गैरप्रकार झाले, मजुरी रखडली. पण काम नाकारलं तर मजुरांना कायदा दाखवून तहसील कचेरीवर मोर्चा नेता यायचा. लाडक्या बहिणीचं नाव यादीतून गेलं, तर तिच्या हातात काय आहे? योजना शासन निर्णयावर उभी आहे. शासन निर्णय बदलायला विधानसभेत मतदान लागत नाही.

म्हणून पुढच्या निवडणुकीत आकडा १,५०० वरून वर चढेल तेव्हा कुठल्याही पक्षाला तीन गोष्टी विचारता येतील. याचा कायदा करणार का? पैसा कुठल्या करातून येणार? आणि नाव कापलं गेलं तर दाद कुठे मागायची?

उत्तरं मिळाली तर तो हक्क. नाही मिळाली, तर पुढच्या निवडणुकीपर्यंतची ओवाळणी.