'जीर्ण मद्य' : एका संज्ञेचा अर्थ व जुन्या फ्रेंच द्राक्षमद्याची परीक्षा

हस्तलिखितांच्या सूचींत शेरा म्हणून येणारा 'जीर्ण' हा शब्द संग्राहकांच्या नित्य परिचयाचा आहे. पोथीच्या कडा झडलेल्या, पानें कसरीनें खाल्लेलीं, शाई उडालेली असली म्हणजे सूचीकार एवढें एकच पद लिहून पुढें जातो. हाच शब्द वैद्यकसंहितांत मद्याचें विशेषण म्हणून येतो, आणि तेथें मात्र तो दोष दाखवीत नसून गुण दाखवितो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसाव्या अध्यायांत नवें मद्य गुरु व दोषांस उठविणारें म्हटलें असून जीर्ण मद्य लघु, अग्निदीपक, रुचिकर व स्रोतसें मोकळीं करणारें सांगितलें आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील पंचेचाळिसाव्या अध्यायांतही हाच भेद असून त्यांत गंधाची भर आहे. नव्याचा गंध अनिष्ट, तर जीर्णाचा इष्ट, असें तो मानतो. भाषांतर करणारा या स्थळीं सहज 'जुनी दारू' असे दोन शब्द लिहून मोकळा होतो. हे दोन्ही शब्द येथें कसे चुकतात, व मूळ संज्ञेचा अर्थ प्रत्यक्ष पदार्थावरून कसा ठरवितां येतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रत्यक्ष पदार्थ म्हणून येथें फ्रान्समधील बोर्दो प्रांताचें जुनें तांबडें द्राक्षमद्य घेतलें आहे. यांत मद्यपानाचा पुरस्कार नाहीं. स्मृतिकारांचा निषेध वाचकांस ठाऊकच आहे. परीक्षक तर मद्य तोंडांत घोळवून थुंकूनही टाकतात. परंतु जो पदार्थ आपण कधीं पाहिला नाहीं त्याच्या संज्ञेचा अर्थ केवळ कोशावरून लावूं गेल्यास काय होतें, याचीं उदाहरणें आपल्या संशोधनांत थोडीं नाहींत.

प्रथम 'दारू' या शब्दाचा विचार करूं. हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. आपल्या मोडी कागदांत तो बहुधा तोफेच्या व बंदुकीच्या दारूसाठीं येतो. आजच्या बोलण्यांत त्यानें मुख्यतः भट्टींत गाळलेल्या मद्याचा बोध होतो. द्राक्षमद्य गाळलेलें नसतें. तो केवळ आंबविलेला रस होय. त्यांत मद्यार्क शेंकडा १२ ते १४ च्या सुमारास असतो, तर गाळलेल्या मद्यांत तो ४० च्या आसपास जातो. संस्कृत ग्रंथकारांनीं हे प्रकार एकांत मिसळलेले नाहींत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु अशीं वेगळीं नांवें आहेत. त्यांपैकीं मधु म्हणजे द्राक्षारसाचें मद्य होय, आणि त्याचीं कापिशायन व हारहूरक हीं दोन नांवें देशांवरून पडलेलीं आहेत. पाणिनीनें (४.२.९९) कापिशायन शब्दाची सिद्धि कापिशी या नगरीच्या नांवापासून सांगितली आहे. ही नगरी म्हणजे काबूलच्या उत्तरेचें आजचें बेग्राम होय. द्राक्षमद्य त्याच्या भूमीच्या नांवानें ओळखावें, ही आज बोर्दो किंवा बर्गंडी या नांवांत दिसणारी रीत आपल्या व्याकरणांत इतकी जुनी आहे.

दक्षिणापथासही परदेशीय द्राक्षमद्याचा परिचय होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं येणाऱ्या मालांत मद्य सांगितलें असून त्यांत इटलीच्या मद्यास विशेष मागणी असल्याचें नमूद आहे. याच बंदराकडे पैठण व तेर येथील माल जात असे. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या उत्खननांत रोमन पद्धतीच्या दोन कानांच्या कुंभांचे तुकडे निघाले. असे कुंभ मद्य व तेल वाहून नेण्यासाठीं वापरीत.

आपल्या प्रांतांत नारायणगांवास १९८० नंतरच्या दशकांत व नाशिककडे १९९९ नंतर द्राक्षमद्याचे कारखाने निघाले, आणि २००१ सालीं राज्य सरकारनें त्यासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. तथापि येथील बहुतेक मद्य थोड्या वर्षांतच प्यावयाचें असतें. वीस, तीस, क्वचित् पन्नास वर्षें ठेवून गुणास चढणारें मद्य पाहावयाचें तर बोर्दोकडेच वळावें लागतें. त्या प्रांतांतील मेदोक भागाच्या मळ्यांची १८५५ सालीं पांच श्रेणींत प्रतवारी झाली, व ती १९७३ सालीं मूतों या मळ्यास पहिल्या श्रेणींत घेतल्याचा मोठा फरक सोडल्यास बहुतांशीं तशीच चालू आहे.

हें मद्य काळ्या द्राक्षांचें, मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों व मर्लो या जातींचें असतें. रस सालींसह आंबवितात, म्हणून सालींतील रंग व सालीबियांतील कषाय द्रव्य त्यांत उतरतें. हा कषाय म्हणजे हिरडा चावला असतां जिभेस येणारा तुरटपणाच होय. पुढें तें ओक लांकडाच्या २२५ लिटरांच्या पिंपांत सुमारें दीड ते दोन वर्षें ठेवून मग बाटल्यांत भरतात. बुचानें बंद केलेल्या बाटलींत हवा अत्यल्प असते. तेथें कषायाचे व रंगाचे सूक्ष्म कण हळूहळू एकमेकांशीं जुळून मोठे होतात, व त्यांतील कांहीं साक्याच्या रूपानें खालीं बसतात. म्हणून कालांतरानें रंग फिका होतो, तुरटपणा मऊ होतो, आणि फळाच्या वासाच्या जागीं निराळे गंध उपजतात. संहिताकारांनीं सांगितलेला नव्याचा गुरुपणा व जीर्णाचा लघुपणा जिभेला कसा जाणवत असावा, याची कल्पना या क्रियेवरून येते. चरकसुश्रुतांच्या काळीं बाटली नव्हती, व त्यांचें जीर्ण मद्य इतक्या वर्षांचें असल्याचें त्यांनीं म्हटलेलें नाहीं. म्हणून येथील साम्य परिणामाच्या दिशेपुरतेंच समजावें.

आतां परीक्षेचा क्रम पाहूं. पोथीप्रमाणें बाटलीचीही आधीं बहिरंग परीक्षा करावी. चिठीवर मळ्याचें नांव, गांव व द्राक्षांच्या हंगामाचें वर्ष असतें. ही त्या मद्याची पुष्पिका होय. तें मळ्यांतच बाटलींत भरलें कीं व्यापाऱ्यानें, हेंही पाहावें. मूतों मळ्यानें १९२४ सालीं सर्व मद्य स्वतःच भरण्याचा पायंडा पाडला. तत्पूर्वीं पिंपें व्यापाऱ्यांकडे जात व एकाच मळ्याचें एकाच वर्षाचें मद्य निरनिराळ्या हातांनीं भरलें जाई. एका मूळ प्रतीवरून अनेक लेखकांनीं केलेल्या नकलांत जसा भेद पडतो, तसा त्यांतही पडे. यानंतर बाटलींतील मद्याची पातळी पाहावी. ती मानेंत असल्यास उत्तम. खांद्याच्या खालीं गेली असल्यास बूच आकसून हवा आंत शिरली, असें समजावें.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बाटली कोणाकडून आली व कोठें राहिली हा आहे. तिला काळोख, थोडी ओल व १२ ते १४ अंशांची स्थिर उष्णता मानवते, आणि बूच भिजत राहावें म्हणून ती आडवी ठेवावी लागते. प्रस्तुत लेखक राहतो त्या नागपुरांतील जरीपटका भागांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. परदेशस्थ आप्तांनीं प्रेमानें आणलेली बाटली कांचेच्या कपाटांत शोभेसाठीं उभी ठेवण्याची चाल अनेक घरीं आढळते. अशा ठिकाणीं एक उन्हाळा गेला कीं मद्य फुगून बूच वर येतें, रस शिजल्यासारखा होतो, व मूळ गुण पुन्हा मिळत नाहींत. शीतगृहाची सोय नसेल त्यानें जुनी बाटली सांभाळण्याचा हव्यास धरूं नये. महाराष्ट्रांत मद्य बाळगण्यास परवाना लागतो, व शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत मद्यबंदी आहे, हेंही ध्यानांत असावें.

जुन्या मद्यांत बनावट फार आहे. न्यूयॉर्क येथें २००८ सालीं एका लिलावांत बर्गंडीतील पोंसो घराण्याच्या 'क्लो सें-देनी' या मद्याच्या १९४५ पासूनच्या बाटल्या विक्रीस निघाल्या. त्या घराण्यानें तें मद्य करण्यास १९८० नंतर आरंभ केला होता! घराण्याच्या प्रमुखानें स्वतः जाऊन त्या मागें घेवविल्या. त्या आणणारा रूडी कुर्नियावान हा बनावट मद्याच्या खटल्यांत २०१३ सालीं दोषी ठरला. सनदेंत तिच्या मितीनंतरचें पद आढळलें असतां आपण जें अनुमान करितों, तेंच येथें चाललें. भौतिकशास्त्राचाही एक उपाय आहे. अणुस्फोटांमुळें हवेंत पसरलेलें सीझियम-१३७ हें द्रव्य १९४५ पूर्वींच्या मद्यांत असूं शकत नाहीं, आणि बोर्दो येथील शास्त्रज्ञ फिलिप ह्यूबेर यांनीं तें बाटली न उघडतां किरणांवरून मोजण्याची पद्धति बसविली.

बहिरंग परीक्षेनंतर अंतरंग परीक्षा. उघडण्यापूर्वीं बाटली एक-दोन दिवस उभी ठेवावी, म्हणजे साका तळाशीं बसतो. जुनें बूच ठिसूळ असतें, तें सावकाश काढावें. मग मानेमागें मेणबत्ती ठेवून मद्य एका धारेनें कांचेच्या सुरईंत ओतावें, व मानेशीं काळसर रेघ दिसतांच थांबावें. फार जुनें मद्य सुरईंत तासन् तास ठेवूं नये. बंद दप्तरांतील नाजूक कागद उन्हांत ठेवला असतां जसा बिघडतो, तसा त्याचा गंध हवेनें उडून जातो. मद्याची उष्णता १६ ते १८ अंश असावी. आपल्या घरच्या उष्णतेस तें मुळींच देऊं नये.

प्याला एकतृतीयांश भरून पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. नव्या मद्याचा रंग जांभळट व कडेपर्यंत गडद असतो. जुन्याचा मधला भाग माणकासारखा व कड विटकरी दिसते. संपूर्ण तपकिरी व गढूळ रंग मात्र बिघाडाची खूण आहे. मग नाक लावावें. नव्यांत काळ्या फळांचा व लांकडाचा वास असतो. चांगल्या जुन्यांत सुकलेला आलुबुखार, तंबाखूचें पान, चामडें, पेन्सिल तासतांना येणारा देवदाराचा वास, पावसानंतरची माती व अळंबीं यांची आठवण होते. एक दोष पोथ्या हाताळणारा तत्काळ ओळखील. ओल लागून बुरशी आलेला पोथ्यांचा गठ्ठा सोडतांना जो वास येतो, तोच मद्यास आल्यास बूच दूषित समजावें. बुरशीनें निर्मिलेलें ट्रायक्लोरोअॅनिसोल नांवाचें द्रव्य लिटरांत ग्रॅमच्या कांहीं अब्जांशांइतकें असलें तरी नाकास कळतें.

शेवटीं जीभ. लहान घोट तोंडभर फिरवावा, व अम्ल, कषाय आणि मधुर यांचें प्रमाण पाहावें. नव्यांत कषाय हिरड्यांना धरतो. जुन्यांत तो असतो, पण रेशमासारखा मऊ. घोट गेल्यावर जो रस मागें राहतो त्यास चरकानें वापरलेली 'अनुरस' ही संज्ञा येथें नेमकी लागू पडते. उत्तम मद्याचा अनुरस दीर्घकाळ टिकतो व गोडीकडे झुकतो. सुश्रुतानें मार्द्वीक, म्हणजे द्राक्षमद्य, दाह न करणारें म्हणून रक्तपित्तांतही निषिद्ध मानलेलें नाहीं, व त्याच्या मधुर अन्वयाचा उल्लेख केला आहे, तो येथें आठवावा. फळाचा अंश सर्वस्वीं गेला, अम्ल एकटेंच उरलें, अथवा शिर्क्याचा वास आला, तर तें मद्य वैद्यकांतील 'शुक्त' या वर्गाकडे वळलें असें म्हणावें.

यावरून संज्ञेचा निर्णय करितां येतो. 'जॄ' धातूचा अर्थ वय सरणें असा असला, तरी 'जीर्ण' शब्दाचे व्यवहारांत दोन अर्थ आहेत. जीर्ण वस्त्र म्हणजे झिजलेलें, पण जीर्ण अन्न म्हणजे पचलेलें. एकाच मळ्याच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्यांपैकीं एक पहिल्या अर्थानें जीर्ण निघते व दुसरी दुसऱ्या अर्थानें, आणि कोणती कोणत्या अर्थाची हें ठरविणें हेंच परीक्षकाचें सर्व काम आहे. संहिताकारांस दुसराच अर्थ इष्ट आहे, हें त्यांनीं सांगितलेल्या गुणांवरून स्पष्ट होतें. 'जुनें' या शब्दानें केवळ वय कळतें, पचन कळत नाहीं. मराठींत यास योग्य शब्द लोणच्यामुरंब्यास लावितात तो आहे. 'जीर्ण मद्य' म्हणजे 'मुरलेलें मद्य' होय.

ज्या संग्राहकांपाशीं वैद्यकग्रंथांच्या जुन्या मराठी टीका किंवा भाषांतरें हस्तलिखित असतील, त्यांनीं मद्यवर्गाचीं पानें पाहून या पदास कोणता प्रतिशब्द योजिला आहे तें मंडळास कळवावें. पूर्वींच्या वैद्यांनीं तेथें 'मुरलेलें' असें लिहिलेलें आढळल्यास वरील निर्णयास बळकटी येईल. अन्य शब्द आढळल्यास त्याचाही विचार करितां येईल.