जुनेराचा संसार

दिवाळीच्या आधीची आवराआवर सुरू झाली की घरोघरच्या पेट्यांतून, कपाटांतून आणि माळ्यांवरून जे जीर्ण कापड बाहेर पडते, त्याची विल्हेवाट लावण्याच्या आपल्याकडे दोन वहिवाटी पूर्वापार चालत आल्या आहेत: एक, ते बोहारणीपुढे टाकून, घासाघीस करून, बदल्यात एखादे पातेले पदरात पाडून घेण्याची, आणि दुसरी, त्यातले सुती, मऊ, अंगाला सरावलेले कापड निवडून त्याची गोधडी शिवण्याची. पहिली वहिवाट मालाडच्या गल्ल्यांतून आजही कानी पडते. दुसरी मात्र फार थोड्या घरांत उरली आहे, आणि त्यांपैकी एक घर माझे असल्यामुळे, तिच्याविषयी चार गोष्टी तपशीलवार सांगाव्यात अशी इच्छा आहे. गोधडी जुनेराचीच असावी, हा माझा आग्रह आहे. आणि तो केवळ गतकाळाच्या मायेपोटी नाही, त्याला कापडाच्या स्वभावाचा आधार आहे.

नव्या सुती कापडात खळ असते, त्याची वीण घट्ट असते, पहिल्या दोन-चार धुण्यांत ते आटते आणि पुष्कळदा रंगही सोडते. अशा कापडाचे पाच-सहा थर एकावर एक घालून शिवले, तर सुई अडते, बोटे दुखतात, आणि पहिल्याच धुण्यात प्रत्येक थर आपापल्या मगदुराप्रमाणे आटून गोधडीला वाकडातिकडा पीळ बसतो. जुनेराचे हे सर्व भोग आधीच भोगून झालेले असतात: आटायचे तेवढे ते आटलेले असते, रंग उतरायचा तेवढा उतरलेला असतो, आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने धागा सैल होऊन सुईला वाट देऊ लागलेला असतो. नऊवारी लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्याउठण्याने मागचा भाग आधी विरतो, पदर आणि काठ मात्र अखेरपर्यंत तग धरून राहतात. म्हणून विरलेला भाग आतल्या थरांत, शाबूत भाग वर आणि काठ कडेला, अशी योजना होते. कोणत्या कापडाला कोणती जागा, हे झिजेवरून ठरते. रंगसंगतीचा विचार त्यानंतर येतो.

रंगाचा हा विचार मी सुईपाशी बसून क्वचितच करते. तो बहुतेक सकाळीच, मोतीबरोबर फिरताना झालेला असतो. मोती गावठी जातीचा, तांबूस अंगाचा, कानाला नसबंदीची खाच असलेला कुत्रा; रस्त्यावरून घरात आला आणि घरचाच झाला. आमची रोजची वाट खारोडीवरून मार्वेच्या खाडीकडे जाते. या भागातला, म्हणजे मालाडचा पिवळसर दगड मुंबई शहराने एके काळी मोठ्या अगत्याने उचलून नेला. १९०५ साली पायाभरणी झालेल्या, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये कुर्ल्याच्या करड्या दगडाच्या जोडीला तो बसवलेला आहे, आणि १९२४ मध्ये खुला झालेला गेटवे ऑफ इंडिया या खारोडीच्याच पिवळट बेसाल्टातून उभा राहिला. करडा आणि पिवळसर यांची ती जोड मला इतकी पटली की धुवून धुवून करड्या झालेल्या जुन्या धोतरांच्या पट्ट्यांशेजारी मी आता नेहमी हळदी रंगाचे लुगडे लावते.

खाडीच्या कडेला तिवरांची राई लागते. तिवराचे पान उलटून पाहिले तर त्याची पाठ रुपेरी-करडी दिसते, आणि कोरड्या दिवसांत त्यावर मिठाचे बारीक कण हाताला लागतात, कारण खाऱ्या पाण्यातून आलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. मोती तेवढ्यात चिखलातल्या खेकड्यांच्या बिळांची कसून तपासणी करीत असतो. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग नीट उमगतात, तांबडा व हिरवा यांतला भेद मात्र फारसा उमगत नाही, असे शास्त्र सांगते. त्यामुळे तांबड्या फुलांच्या ज्या पांगाऱ्याखाली मी मान वर करून थबकते, त्याच्या बुंध्याशी तो गंधाचा अभ्यास करीत तितकाच रमलेला असतो. त्याच्या थांबण्याने मला थांबावे लागते, आणि थांबावे लागल्यामुळे पुष्कळ दिसते. एकटी चालले असते तर शिंप्याचे घरटे मला कधीच दिसले नसते.

शिंपी हा आपल्या आवारांतला अगदी सामान्य पक्षी, चिमणीहून लहान, शेपटी उभी धरणारा, अंगाच्या मानाने आवाज मोठा. याची मादी रुंद पानाच्या कडांना चोचीने एकेक छिद्र पाडते आणि कोळिष्टकाचे किंवा कापसाचे तंतू त्यांतून ओवून पानाचा द्रोण करते. गाठ ती मारीत नाही. छिद्राबाहेर आलेले तंतूचे टोक फुलते आणि तेच अडसर होऊन टाका धरून ठेवते. आत मऊ कापूस अंथरला की घरटे सिद्ध होते. पान झाडालाच राहते, हिरवे राहते, आणि म्हणून शत्रूच्या नजरेला घरटे पडत नाही. धागा ओढताना पान फाटू नये इतपतच ताण द्यायचा, हा त्या मादीचा नेम गोधडी शिवणाऱ्या प्रत्येक बाईने ध्यानात ठेवावा असा आहे, कारण विरलेले कापड टाक्यापाशीच फाटते आणि त्याला बहुधा कसून ओढलेला दोराच कारण असतो.

मालाडच्या पूर्वेला कुरार, आप्पापाडा या वस्त्यांना लागून राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. तिथे मी एकटीच जाते. उद्यानात पाळीव जनावर नेण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. शिवाय उद्यानाच्या कडेने वावरणाऱ्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. फेब्रुवारी-मार्चात पर्णहीन काटेसावर लाल फुलांनी भरून जाते, आणि उन्हाळ्यात तिची बोंडे फुटून रेशमासारखा कापूस वाऱ्यावर निघतो. हा कापूस गुळगुळीत आणि आखूड धाग्याचा असल्याने त्याचे सूत निघत नाही, पण उशीत भरायला उत्तम. आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये तिथे बहरली. तो जांभळट-निळा रंग डोळ्यांत साठवून आल्यावर माझ्याकडच्या इंद्रायणी, जांभळ्या, मोरपंखी अशा सगळ्या साड्या मी पेटीतून काढून शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, आणि त्यांतून जी गोधडी झाली ती माझ्या हातची सर्वांत समाधानाची.

आता प्रत्यक्ष शिवणीकडे वळू. दुपारी जेवणे आटोपली की बाहेरच्या खोलीतली टेबलखुर्ची बाजूला सारून जमीन कोरडी करून घ्यायची. प्रथम अस्तर, म्हणजे खालचा अखंड थर, सुरकुती न ठेवता पसरायचे आणि चार कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, जे काही जड हाताशी असेल ते ठेवायचे. त्यावर आतले थर, त्यावर वरच्या पट्ट्या किंवा चौकोन. मग लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर एकमेकांशी बांधायचे, कडा आत दुमडून काठ लावायचा, आणि तेव्हा कोठे मूळ धावदोऱ्याला आरंभ होतो. सुई लांब, दोरा दुहेरी आणि मेणावरून ओढलेला, मधल्या बोटात अंगुस्तान. आमच्या इमारतीत माणदेशातून आलेल्या एक आजी राहत. त्यांनी मला शिकवलेले सूत्र एवढेच होते: "कड धर पोरी, मधलं आपसूक बसतंय." ओळ कडेने चौफेर फिरवीत, बोटभर अंतर राखीत, आत आत मध्याकडे जायचे. कड पक्की झाली की कापडाचा जो थोडा सैलपणा असतो तो प्रत्येक ओळीत विभागला जातो, आणि त्यातूनच गोधडीच्या अंगावर ती बारीक लाट उमटते जी यंत्राच्या शिवणीला साधत नाही. त्या लाटेत हवा अडकते आणि तीच ऊब देते.

हीच कडेकडून मध्याकडे जाणारी रीत उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर या भागांतल्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीतही आढळते. आफ्रिकी वंशाच्या आणि घरीदारी कोंकणी-मराठी-कानडी बोलणाऱ्या या स्त्रिया कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात, आणि फुलांवाचूनची कवंदी त्यांना उघडी वाटते. पार अमेरिकेत, अलाबामा नदीच्या वळणावरल्या जीझ बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतही कष्टकरी स्त्रिया शेतात झिजलेल्या कपड्यांच्या अशाच गोधड्या शिवीत आल्या. २००२ साली त्यांचे प्रदर्शन भरले, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. आपल्या गोधडीला तसा सन्मान उशिरानेच मिळू लागला आहे. गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातील गोधड्यांवरील पुस्तक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते फ्रान्समधून. आणि तरीही वस्त्राला दप्तराचा मान देण्याची बुद्धी या भूमीला परकी नव्हती: अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणावरचा आपला ग्रंथ सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पासोडीवर लिहून ठेवला. गाडगेबाबांना तर अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक गोधडेमहाराज म्हणूनच ओळखीत.

मुंबईत गोधडीचा ऱ्हास का झाला, याचे उत्तर बहुतेक लोक आळस आणि बाजारी ब्लँकेटे यांत शोधतात. मला ते अपुरे वाटते. गोधडीला जुने सुती कापड लागते, आणि तेच घरांतून नाहीसे झाले. सत्तरीच्या दशकापासून कृत्रिम धाग्याच्या साड्या घराघरांत शिरल्या. त्या विटत नाहीत, विरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि सुईखालून निसटतात. पुढे १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावच्या कापडाची सद्दी संपत गेली. ज्या गाळ्यांत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांच्या वळकट्या भिंतीशी लागलेल्या असत, त्या वळकट्यांतल्या वाकळी गावाकडच्या बायकांनी याच गिरण्यांच्या कापडाच्या जुनेरातून शिवलेल्या होत्या. आज मी साड्यांपेक्षा जुन्या सुती चादरी, धोतरे, लुंग्या आणि झब्बे यांवर अधिक विसंबते. शिवणाच्या कारखान्यांतली नवी चिंधी आणून शिवलेल्या, भिंतीवर टांगायच्या देखण्या गोधड्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या कारागिरांच्या हाताला माझे वंदन आहे, पण पांघरायला मी जुनेराचीच मागेन.

पिंजाऱ्याच्या रजईपेक्षा मुंबईच्या दमट हवेला गोधडीच सोयीची. रजईत भरलेला कापूस पावसाळ्यात ओल धरतो, त्याचे गोळे होतात, आणि तो पुन्हा पिंजून घेतल्याशिवाय गत्यंतर नसते. गोधडीत भरण नाहीच. थरच आहेत, ते धुता येतात आणि एका कडक उन्हात वाळतात. घटस्थापनेपूर्वी गावोगावी नदीवर गोधड्या धुण्याची जी धांदल उडते, ती आम्ही इमारतीच्या गच्चीवर उरकतो. ओली गोधडी इतकी जड होते की दोघींनी दोन टोके धरून पिळल्यावाचून ती हलत नाही, आणि मोती त्या पिळातून गळणाऱ्या पाण्यात मनसोक्त भिजतो.

त्याची स्वतःची एक गोधडी आहे, निरुपयोगी तुकड्यांची, जाड टाक्यांची. दिवाळीत फटाके सुरू झाले की तो तिच्यासकट पलंगाखाली जातो. कुत्र्याची श्रवणशक्ती आपल्याहून पुष्कळ तीव्र असल्यामुळे ते दिवस त्याला फार जड जातात. पावसाळ्यात उरलेले जाड तुकडे गोणपाटावर शिवून आम्ही ते आवारातल्या इतर कुत्र्यांसाठी जिन्याखाली अंथरतो.

ज्यांना यंदा बोहारणीला हाक मारण्यापूर्वी हात चालवून पाहावासा वाटेल, त्यांनी मोठ्या गोधडीच्या नादी न लागता बाळाच्या दुपट्यापासून प्रारंभ करावा. सव्वा हात लांब-रुंद पुरे. कापड आधी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे, गुंड्या आणि जुन्या शिवणी उसवून काढाव्यात, थर तीनच घ्यावेत, आणि खालचा थर सर्वांत मऊ असावा, कारण बाळाच्या अंगाला तोच लागतो. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मध्ये दडवावी. पहिल्या कडेचे टाके वाकडे आले तर उसवू नयेत. तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून हात बसतो.