कळण्याची भाकरी कुठे नोंदवायची? (आहाराची ॲप : लेखांक ७)

पाकिटावरच्या बारकोडचा विषय या आठवड्यासाठी कबूल केला होता, पण तो पुढे ढकलतो. कारण धुळ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे, ‘कळण्याची भाकरी खाल्ली तर ॲपमध्ये काय लिहायचं?’ कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. मागच्या लेखांकात ॲपमधले आकडे येतात कुठून ते पाहिलं, त्याची खरी परीक्षा या प्रश्नात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली काढलेल्या कोष्टकांत 528 अन्नपदार्थ आहेत, पण ते ज्वारी, उडीद, वांगी असे कच्चे जिन्नस आहेत. शिजलेल्या पदार्थाचा आकडा कुणाच्या तरी कृतीवरून मांडावा लागतो. ती कृती कुणाच्या घरची, हे पडद्यावर सहसा दिसत नाही. त्यात आपल्याकडे खानदेशात बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘कयन्याची भाकर’ म्हणतात. नाव सापडलं नाही की माणूस जवळचं म्हणून ज्वारीची भाकरी निवडतो आणि पुढे जातो.

या निवडीने उष्मांक फारसे चुकत नाहीत. चार भाग ज्वारीला एक भाग सालासकट उडीद धरला, तर दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरीत ज्वारीचे सुमारे 500 उष्मांक येतात, तर कळण्याचे 490च्या आसपास. चुकतात ती प्रथिनं. शंभर ग्रॅम ज्वारीत ती साधारण 10 ग्रॅम, अख्ख्या उडदात 22. म्हणजे त्याच दीडशे ग्रॅम पिठात 15 ग्रॅमऐवजी साडेअठरा. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी असतं, ते उडीद पुरवतो. उडदात मेथिओनीन कमी, तिथे ज्वारी मदतीला येते. एकत्र दळल्यामुळे दोन्हींची उणीव एकाच घासात भरून निघते. शाकाहारी घरात ही गोष्ट मोठी आहे. ॲप ‘प्रथिनं कमी’ म्हणून लाल पट्टी दाखवतं आणि वाचक डबाबंद पावडरकडे वळतो, तेव्हा दोष ताटाचा नसतो, नोंदीचा असतो.

कळण्याच्या भाकरीसोबत ताटात येणाऱ्या भरताचं उलट आहे. तिथे उष्मांकच चुकतात. यादीतलं भरीत पुष्कळदा पंजाबी असतं, कांदा-टोमॅटोचं. आपलं भरीत काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून फोडणी. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरताचं वांगं किलोभर घेतलं, तरी त्याचे उष्मांक अडीचशेच्या घरातच राहतात. फोडणीला 50 ग्रॅम तेल घातलं तर एकट्या तेलाचे 450 होतात, 100 ग्रॅम घातलं तर 900. चार माणसांत वाटलं तरी माणशी शंभराहून जास्त उष्मांकांचा फरक फक्त पळी किती वाकली यावर पडतो. वांग्याने वजन वाढत नाही. हिशेब ठेवायचा तर तेलाचा ठेवा.

यावर काही जण म्हणतील, आकडा थोडा चुकला तरी रोज सारखाच चुकतो, मग कल तर कळतोच ना? रोज तेच ताट असेल तर कळतो. पण भाकरीत चूक प्रथिनांची, भरतात तेलाची, वरण-बट्टीत तुपाची. हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या की सगळा हिशेबच सरकतो. अशा वेळी आलेख वर गेला की खाणं बदललं की नुसतं पदार्थाचं नाव, हे त्या आलेखावरून सांगता येत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त रास्त वाटतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईने दर वेळी तराजू घेऊन बसायचं का? मुळीच नाही. तो भार तिच्यावर टाकणारं ॲप दोन आठवड्यांत बंद पडणारच. पण कळणा रोज दळला जात नाही. गिरणीत नेण्याआधी ज्वारी किती, उडीद किती, हे एकदा वजन करून ॲपमध्ये ‘माझी पाककृती’ म्हणून साठवलं, की तो डबा संपेपर्यंत फक्त पिठाचं वजन पुरतं. तेलासाठी त्याहून सोपी रीत आहे. महिन्याला किती तेल संपलं, ते घरातल्या माणसांनी आणि दिवसांनी भागायचं. चौघांच्या घरात पाच किलो संपत असेल तर माणशी रोज 41 ग्रॅम होतं, म्हणजे 370च्या आसपास उष्मांक. तळणीतून उरलेलं आणि पाहुण्यांना गेलेलं वजा केलं तरी कोणत्याही तयार यादीपेक्षा हा आकडा तुमच्या घराच्या जास्त जवळ असतो.

कळण्याचं प्रमाण घरोघरी बदलतं, कुणाकडे तिनास एक, कुणाकडे चारास एक. जळगाव-धुळ्याच्या वाचकांनी आपल्या घरचं प्रमाण, मीठ दळतानाच घालता की मळताना यासह, जरूर कळवावं. बारकोड पुढच्या आठवड्यात.