नर्सबाई, आणखी किती शिकणार?

आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली म्हणजे दिवाळी संपली असे होत नाही. तिथून मंडया सुरू होतात. लेकी-जावई माहेरी आलेले असतात, दिवसा मंडई आणि रात्री नाटक. अशा वेळी नातलगांच्या चौकशा चुकवणे कुणालाच साधत नाही. माझ्या वाट्याला वर्षानुवर्षे एकच चौकशी आली : “सुई टोचायसाठी आनखी किती शिकशीन बाई?”

विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. दवाखान्यात शिकलेला तो डॉक्टर आणि हुकूम पाळणारी ती नर्स, अशी आपली जुनी समजूत. नर्सने पदवी घ्यावी, वर पदव्युत्तर पदवीही घ्यावी, याचे पुष्कळांना अजून नवल वाटते. वास्तविक ही गोष्ट मुळीच नवी नाही. दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगची बी.एस्‌सी. १९४६ सालीच सुरू झाली. दिल्लीला १९५९ मध्ये एम्.एस्‌सी.चा वर्ग निघाला. मुंबईचे एस्.एन्.डी.टी. विद्यापीठाचे नर्सिंग कॉलेज १९६४चे. नवल असेल तर एवढेच, की ही विद्या वैनगंगेच्या अलीकडे यायला फार वर्षे लागली.

जिन्याच्या पायऱ्या

ज्या भगिनींना हा मार्ग धरायचा आहे त्यांच्यासाठी थोडा हिशेब सांगते. बारावीनंतर थेट बी.एस्‌सी. केल्यास चार वर्षे, मग एक वर्षाचा अनुभव, आणि पुढे एम्.एस्‌सी.ची दोन वर्षे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत आहे. शाखा पाच : प्रौढांची शुश्रूषा, बालके, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आजार आणि सामुदायिक आरोग्य. परीक्षेबरोबर प्रबंधही लिहावा लागतो.

मी मात्र थेट गेले नाही. घरची शेती धानाची. पाऊस चुकला की फी चुकली. म्हणून दोन वर्षांचे ए.एन्.एम्., मग नोकरी, मग जी.एन्.एम्., मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्‌सी., असा जिना एकेक पायरीने चढले. लग्न झाले, मुलगा झाला, तरी जिना संपेना.

‘का?’ या प्रश्नाचा जन्म

माझे पहिले उपकेंद्र गडचिरोलीच्या दक्षिणेकडील जंगलात होते. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. तिकडे राहणाऱ्या माणसाला ते वाचावे लागत नाही. रोगी खाटेवर बांधून चौघांच्या खांद्यावरून येतो. गावात माडिया बोलतात. नव्या नर्सबाईला पहिले काही महिने ‘दुखते का?’ एवढे विचारण्यापलीकडे भाषा येत नाही.

एका पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या पाड्यावर एक बाळ दिवस भरण्याआधी जन्मले. मूठभर जीव. मी पोहोचले, शिकवले होते ते सारे केले, आईच्या उराशी धरून त्याला ऊब दिली. तिसऱ्या रात्री ते गेले. आईने मला दोष दिला नाही. तिने फक्त विचारले, “का, बाई?” नोंदवहीत कारणाचा रकाना बोटभर रुंद होता. त्यात मी एक शब्द लिहिला. पण त्या शब्दाने तिचेही समाधान झाले नसते आणि माझेही झाले नाही.

याच जिल्ह्यात हा प्रश्न फार नेटाने विचारला गेला आहे, हे मला पुढे कॉलेजात कळले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी येथील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरांतल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे आणि जंतुदोष झाल्यास इंजेक्शन देणे ही त्यांची कामे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाला की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. नवजात बालकांचे मृत्यू त्या गावांत सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली जगाने ते वाचले.

हे वाचून मला एक उमजले. त्या बायकांच्या हातांना कौशल्य मिळाले, ते कुणीतरी आधी नीट ऐकले आणि मोजले म्हणून. नर्स तर रोज ऐकते, रोज मोजते. फक्त त्यातून प्रश्न कसा मांडावा आणि उत्तर कसे तपासावे हे तिला कुणी शिकवत नाही. एम्.एस्‌सी. तेच शिकवते. मी सामुदायिक आरोग्य ही शाखा घेतली. मुलगा तेव्हा चौथीत होता. सासूबाई म्हणाल्या, “तू जाय, पोट्ट्याले मी पाहातो.” त्या सही करायला साठाव्या वर्षी शिकल्या होत्या. प्रबंधासाठी मी पुन्हा पाड्यांवर गेले. बाळंतिणीच्या घरी शेकोटी कुठे पेटते, बाळाला पहिले दूध केव्हा पाजतात, हे सासवांना विचारले. दहा वर्षे त्याच घरांत गेले होते, पण इतके बसून कधी ऐकले नव्हते, कारण ऐकण्याला रजिस्टरात रकानाच नाही.

पदवी घेऊन जायचे कुठे?

इथे खरी अडचण आहे. एम्.एस्‌सी. झालेल्या नर्सला मिळते ती बहुधा शिकवण्याची नोकरी, आणि कॉलेजे बहुतेक शहरांत. म्हणजे जंगलाने शिकवलेली बाई शिकून जंगलाबाहेर पडते. तिला नावे ठेवू नका. तिच्याही मुलांना शाळा हवी, तिलाही रात्री निवांत झोप हवी. २०१८ पासून उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निघाले आणि पदवीधर नर्सला स्वतःच्या जबाबदारीवर काम करण्याची वाट मोकळी झाली, हे चांगले झाले. पण त्याहून वरच्या पदवीसाठी तालुक्याला, पाड्याजवळ, काम कुठे आहे? चंद्रपूरला २०१५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, बऱ्याच वर्षांनी गडचिरोलीलाही झाले. तिथे शिकणाऱ्या डॉक्टरांबरोबर अशा नर्सचे ज्ञान पाड्यापर्यंत नेणारी जागा निर्माण झाली, तर पदवीचे सार्थक होईल.

मी सध्या मुलींना शिकवते. वर्षातून काही आठवडे त्यांना घेऊन उपकेंद्रांवर राहते. वर्गात पहिल्या दिवशी सांगते, की हुकूम पाळायला यायचे असेल तर ए.एन्.एम्. पुरे. पण मृत्यूच्या रकान्यातला शब्द तुम्हांला पुरेसा वाटत नसेल, तर पुढे शिका, कितीही पायऱ्या लागोत. आणि शिकताना विषय इथलाच निवडा : इथला हिवताप, इथले सिकलसेल, इथल्या बाळंतिणी. म्हणजे पदवी तुमच्या नावापुढे लागेल आणि उपयोगी मात्र इथल्या माणसांना पडेल.