दीक्षाभूमीला जाताना : ट्रॉली की एसटी?

धान निसवू लागले की आपल्या भंडारा जिल्ह्यात विहाराच्या ओट्यावर एकच चर्चा सुरू होते. यंदा नागपूरला कशाने जायचे? भंडाऱ्याहून दीक्षाभूमी साठ-पासष्ट किलोमीटर, साकोलीकडून शंभरच्या आसपास. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा आपली वडीलमंडळी पायी, बैलगाडीने, मिळेल त्या रेल्वेने गेली. त्यांच्यापुढे निवड नव्हती. आपल्यापुढे आहे, म्हणून चार शब्द स्पष्ट लिहितो.

गावात ट्रॅक्टर कुणाचा तरी असतोच. "डिझेल तेवढे टाका," असे मालकाने म्हटले की ट्रॉलीत तणीस अंथरली जाते, वर ताडपत्री, आणि आजीपासून तान्ह्या लेकरापर्यंत तीस-चाळीस माणसे बसतात. स्वस्त पडते, सारी वस्ती एकत्र जाते, हेही खरे.

पण ट्रॉली पोती वाहण्यासाठी असते. पोती हलत नाहीत. माणसे उठतात, उभी राहतात, फळक्यावर बसतात. भार वर गेला आणि एक चाक सडकेच्या कडेवरून उतरले की ट्रॉली कलंडते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे उतारावर ती ट्रॅक्टरलाच मागून ढकलते. ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळण्यासाठी ते सुटे ठेवतात, सडकेवर मात्र खिट्टी लावून जोडावे लागतात. ती खिट्टी लावली का, हे निघताना विचारणारा उपासक आम्हाला अजून भेटायचा आहे! मागे लाल दिवा नसेल, तर रात्री महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला ट्रॉली दिसणार कशी?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली. किमान २६ माणसे गेली, त्यांत बहुतेक बाया व मुले. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडून हळदीच्या कामाला निघालेल्या ७ शेतमजूर महिला दगावल्या. मजुरीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना ट्रॉली नाकारण्याची सोय नसते. सणाला जाणाऱ्या कुटुंबाला ती असते.

कायद्याने मालवाहू ट्रॉलीत प्रवासी बसवता येत नाहीत. शेतीसाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका मजुराच्या खटल्यात दिला. म्हणजे बोजा येतो तो मालकावर, बहुधा आपल्यासारख्याच शेतकऱ्यावर. इंग्लंडात हौशी कुटुंबे मोटारीमागे चाकांचे छोटे घर जोडून सहलीला जातात. त्यात पलंग, चूल सारे असते. पण गाडी चालू असताना त्यात माणूस बसवण्यास तिथेही मनाई आहे.

मग जावे कशाने? एकटेदुकटे कुटुंब असेल तर वरठीच्या भंडारा रोड किंवा तुमसर रोड स्टेशनवरून रेल्वे बरी. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास सुरू झाला. घरात दोन सुना, एक सासू आणि आजोबा असतील तर हिशेब करून पाहा, ट्रॉलीचे डिझेल फारसे स्वस्त उरत नाही. काळीपिवळीत पंधरा-सोळा जण कोंबून नेणारेही आहेत. तो पर्याय आम्ही मोजत नाही.

वस्तीतून चाळीसेक जण निघणार असतील तर प्रासंगिक करारावर एसटीच घ्यावी. भाडे किलोमीटरच्या हिशेबाने असते, म्हणजे गाडीचे, डोक्याचे नव्हे. त्यामुळे गाडी भरली तरच परवडते. नावे पंचशील मंडळाने किंवा महिला मंडळाने आधीच लिहून घ्यावीत, वर्गणी निघण्यापूर्वी जमवावी. तांदूळ, गंज, सतरंज्या यांसाठी एखादा मालवाहू टेम्पो वेगळा पाठवावा. दसऱ्याच्या तोंडावर साऱ्याच गावांची मागणी एकदम येते, तेव्हा भंडारा, तुमसर, साकोली वा पवनी, जे आगार जवळ असेल तेथे वर्षावासातच अर्ज टाकलेला बरा.