पिकअपच्या इंजिनाची कूळकथा

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या बाजार समितीबाहेर पिकअपच्या रांगा लागतात. पोती उतरली की चालक परतीच्या भाड्याची वाट बघत चहाच्या गाड्यावर टेकतात आणि गप्पा फिरून फिरून एकाच तक्रारीवर येतात: गाडीला ओढ नाही. तक्रार अगदीच खोटी नाही. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, तर लातूर सहाशेच्या वर. अर्धापूरची केळी भरून लोहा, अहमदपूर, चाकूर करत येणारी गाडी बालाघाटाचं पठार चढत येते. चढावर गिअर खाली टाकावा लागतो, मागून ट्रकवाला हॉर्न मारत राहतो. अशा वेळी ‘यात स्कॉर्पिओचं इंजिन बसवलं तर?’ असं म्हणणारा एक तरी भेटतोच.

या प्रश्नातच एक गंमत आहे. एमहॉक नावाने आलेलं स्कॉर्पिओचं इंजिन २१७९ सीसीचं, आणि महिंद्राच्या मोठ्या पिकअपचं २५२३ सीसीचं. म्हणजे ज्याला ‘मोठं’ म्हणून बसवायचं, ते आकाराने लहान! ताकद मात्र तिथे १२० अश्वशक्तीच्या घरात आणि इथे पंचाहत्तरच्या आसपास. असं का, याचं उत्तर कारखान्यात नव्हे, शेतात सापडतं.

२५२३ हा आकडा जरा उलगडून पाहावा. या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर. मेट्रिक मोजमापात हे आकडे विचित्र दिसतात. इंचात मांडले की सरळ होतात, साडेतीन इंच व्यास आणि चार इंच धाव. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ब्रिटनमधल्या कारखान्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बी-४१४ नावाचा ट्रॅक्टर काढला, त्याच्या डिझेल इंजिनाची मापं नेमकी हीच होती. त्याआधीचा तिचा बी-२७५ भारतात आला. महिंद्रा, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये एकत्र येऊन कंपनी काढली आणि त्यानंतर दोनेक वर्षांत मुंबईत ३५ अश्वशक्तीचे बी-२७५ तयार होऊ लागले. मराठवाड्यात ‘दोनशे पंचाहत्तर’ एवढंच म्हटलं तरी कुठला ट्रॅक्टर हे कुणाला सांगावं लागत नाही. तो आकडा तिथून आला.

मग हे ट्रॅक्टरचं घराणं रस्त्यावर कसं उतरलं? जीपमधून. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली. त्या पेट्रोलवर चालायच्या. २.२ लिटरचं इंजिन, ताकद सत्तरेक अश्वशक्ती आणि पेट्रोलची तहान दांडगी. डिझेल स्वस्त, पेट्रोल महाग, त्यामुळे ही तहान खेड्यापाड्यातल्या मालकाला परवडेना. तेव्हा कंपनीने स्वतःच जीपमध्ये आपल्याच ट्रॅक्टरच्या जातीचं २३५० सीसीचं डिझेल इंजिन बसवून विकलं. इंजिन आकाराने वाढलं, अश्वशक्ती मात्र घटली. वेग गेला, धडधड आली, एक्झॉस्टमधून काळा धूर येऊ लागला, आणि गिऱ्हाईक तरीही खूश. पुढे फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्यावर इगतपुरीत २११२ सीसीचं जरा मऊ डिझेल इंजिन तयार होऊ लागलं; एमएम-५४० जीप त्यावरच धावली. पण ओझ्याच्या गाड्यांत शेवटी टिकलं ते चार इंची धावेचंच इंजिन.

इंजिन बदलण्याच्या हौसेचा आपल्याकडचा इतिहास असा उफराटा आहे. ताकदीसाठी नव्हे, डिझेलच्या बिलासाठी इंजिनं बदलली गेली. अँबेसिडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवणारे मेस्त्री देशभर होते, त्यांच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला शर्यत जिंकायची नव्हती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, पेट्रोल-डिझेलमधलं अंतर आटत गेलं, आणि त्या धंद्यातला रसही आटला.

अमेरिकेत पिकअपमध्ये शेव्हरोलेचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन टाकणं हा शनिवार-रविवारचा उद्योग आहे. पण तिथेही जड ओढणाऱ्या मंडळींचं लाडकं इंजिन ट्रॅक्टरच्याच भावकीतलं. कमिन्सने केस या शेतीयंत्रांच्या कंपनीबरोबर उभारलेल्या प्रकल्पातलं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये आलं. अश्वशक्ती १६०, पण टॉर्क ५४० न्यूटन-मीटरच्या वर. त्याच कुळातलं इंजिन टाटा-कमिन्सने जमशेदपूरला तयार करून टाटाच्या ट्रकांत घातलं. म्हणजे लातूर रोडवर मागून हॉर्न मारणाऱ्या ट्रकातही कदाचित तेच असायचं.

आता प्रत्यक्ष बदल करायचा तर काय होतं ते बघू. जुनं इंजिन काढायला अर्धा दिवस पुरतो. बॉनेट, रेडिएटर, पाइप, सेल्फ, जॉइंट सोडले, साखळी बांधली, चेन ब्लॉकने उचललं की झालं. खरं काम पुढे. नव्या इंजिनाचं फाउंडेशन जुन्या जागी बसत नाही, म्हणून चेसिसवर नवे कान वेल्ड करायचे. गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पत्र्याची प्लेट लेथवर कापून घ्यायची. इथेच मेस्त्रीची परीक्षा. क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं केंद्र एका रेषेत आलं नाही, केसभर जरी सरकलं, तरी गाडी चालू होते, गावभर फिरते, मालक पेढे वाटतो, आणि दोन महिन्यांत क्लच प्लेट, बेअरिंग, ऑइल सील एकामागोमाग एक जातात. जॉइंट कापून त्याची लांबी बदलली तर तो पुन्हा बॅलन्स करावा लागतो, नाहीतर साठच्या वर गाडी थरथरते.

जुन्या पंपाच्या काळात वायरिंगचं काम नावापुरतं होतं. सेल्फला करंट, पंपाला डिझेल आणि बंद करायला ओढायची केबल. डिझेल फवारायची कॉमन रेल पद्धत आल्यापासून इंजिन म्हणजे लोखंडाइतकाच तारांचा मामला झाला. ॲक्सिलरेटरच्या पायापासून नोझलपर्यंत सगळं ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. एखाद्या सेन्सरचा निरोप पोचला नाही तर तो इंजिनाची ताकदच आवरून धरतो, आणि एकशेवीस अश्वशक्तीची हौस बैलगाडीच्या चालीने घरी येते. पान्यावर उभं आयुष्य काढलेल्या मेस्त्रीला इथे लॅपटॉपवाल्या पोराची वाट बघत बसावं लागतं.

एवढं करून हाती काय लागतं? मालासह तीन टनांची पिकअप वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने न्यायची तर हिशेबाने चाकांवर तीसेक अश्वशक्ती लागते. पंचाहत्तरमध्ये ती आरामात भागते. पण पासिंग दीड टनाचं आणि माल तीन टनांचा, अशी गाडी त्याच चढावर ताशी ६० ने हवी असेल तर गरज सत्तरच्या पुढे जाते आणि इंजिन धापा टाकतं. दोष इंजिनाचा की काट्यावरच्या वजनाचा, हे चहाच्या गाड्यावर कुणी उघड बोलत नाही. शिवाय इंजिन बदललं म्हणून ब्रेकचे ड्रम, पाटे आणि क्राऊन-पिनियन बदलत नाहीत. चढावर मिळवलेला वेग उतारावर त्याच जुन्या लायनरना थांबवावा लागतो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते.

कायद्याने तर हा दरवाजा लावूनच घेतला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या प्रकरणात तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याच जातीचं दुसरं इंजिन टाकलं तरी त्याचा नंबर आरसीवर चढवावा लागतो. लातूरची एमएच-२४ असो की नांदेडची एमएच-२६, पासिंगला निरीक्षक बॉनेट उघडून नंबर पडताळतो. अपघात झाला आणि नंबर जुळला नाही, तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं निमित्त मिळतं.

कायद्याने एक फट ठेवली आहे, ती इंधन बदलण्यासाठी: मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी. पण डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. गॅसवर न्यायचं तर हेड उघडून प्लगची जागा करा, कॉम्प्रेशन कमी करा, पंप काढा. एवढ्या खर्चात जुन्या पिकअपचं नवं इंजिनकाम होऊन वर टायर येतील.

म्हणून शहाणा मालक आधी रोग शोधतो. ओढ गेली म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत एअर फिल्टर चोंदलेला, टर्बोचा होज चिरलेला, नोझल गळका किंवा क्लच घसरणारा निघतो. तेही नसेल तर लाइनर-पिस्टन बदलतात. ज्याला तेवढ्याने भागत नाही तो गाडी विकून हप्त्यावर नवी घेतो. त्या नव्या गाडीतही बहुधा साडेतीन बाय चार इंचांचेच चार सिलिंडर असतात. ब्रिटिश ट्रॅक्टरमध्ये त्यांनी चाळीसेक अश्वशक्ती दिली होती. टर्बो आणि कॉमन रेलच्या जोरावर आता पंचाहत्तर आणि २०० न्यूटन-मीटर देतात. तो टॉर्कही १४०० फेऱ्यांपासूनच हाती येतो, चाकूरच्या अलीकडे चढाला लागणाऱ्या केळीच्या गाडीला हवा असतो तिथेच.