आकाश हलकं, पोफळीची बाग जड

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडून मांडवा, पुढे नागाव नाहीतर थेट काशीद, हा मुंबईकराचा बेत बहुधा आदल्या रात्री ठरतो. मुक्कामाची जागा तो मोबाइलवर शोधतो. होम-स्टेची वेबसाइट उघडते, पण फोटोंच्या जागी नुसते पांढरे चौकोन. तो थांबत नाही, दुसरी जागा बघतो.

मालक रेंजला दोष देतो. हिशेब मात्र वेगळं सांगतो. मोबाइलवर काढलेला फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा, चारेक एमबीचा. पानावर असे दहा टाकले की झाले ४० एमबी. सेकंदाला ४ मेगाबिटचा वेग मिळाला, तर ते उतरायला ८० सेकंद. बघणाऱ्याच्या मोबाइलचा पडदा जेमतेम हजार-बाराशे पिक्सेल रुंद! फोटो १२०० बाय ९०० केला की पिक्सेल अकरा पटींनी घटतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. दीडशे केबीत बसवले तर दहाही फोटो तीन सेकंदांत हजर.

आकार कमी केल्यावर येतं दाबणं. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग पद्धत फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातले डोळ्याला न जाणवणारे बारीक चढउतार टाकून देते. त्यामागचं गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडलं. यातले अहमद बंगळुरूत जन्मलेले. आपल्या मोबाइलमधल्या बहुतेक फोटोंवर या तिघांचं ऋण आहे, आणि त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत.

तुकड्यांतले चढउतार असे गाळण्यामुळेच एकाच आकाराच्या दोन फोटोंचं वजन सारखं भरत नाही. जंजिऱ्यामागचं निरभ्र आकाश अर्धी चौकट व्यापूनही थोडक्यात मावतं. दिवेआगरच्या पोफळीच्या झावळ्या, फेसाळती लाट, ओली वाळू मात्र खादाड. गंमत पुढेच आहे: झावळ्यांच्या गर्दीत काही गाळलं तरी लपून जातं, म्हणून बागेचा फोटो जास्त दाबला तरी खपतो. संध्याकाळचं हलकं आकाश मात्र जरा जास्त दाबलं की पट्टे आणि चौकोन दिसू लागतात. सगळ्या फोटोंना दाबण्याचा एकच आकडा लावून मोकळं होणं चुकीचं, ते याचसाठी. स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून आपल्या डोळ्यांनी ठरवता येतं. वेबपी हा २०१० साली आलेला प्रकार निवडला, तर वजन जेपेगहून आणखी उतरतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा आधीच दाबलेला असतो. तो पुन्हा दाबला की चिखल होतो. मूळ फोटो जपून ठेवावा, प्रत्येक वेळी त्याचीच नवी प्रत काढावी.

खोल्यांचे दर आणि कुलाबा किल्ल्यात चालत जाण्यासाठी ओहोटीच्या वेळा, याही कित्येक जण चित्र करून टाकतात. तो मजकूर आहे, अक्षरांतच लिहावा. अगदी थोडक्या बाइटमध्ये काम होतं आणि गूगललाही सापडतो.

राहिला क्रम. खालचे फोटो वाचक तिथवर पोचल्यावरच उतरतील अशी सोय, म्हणजे लेझी लोडिंग, जरूर लावावी. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये आधीच सांगावी. नाहीतर फोटो उशिरा येतो, मजकूर खाली ढकलला जातो आणि ‘फोन करा’वर टेकवलेलं बोट भलतीकडेच पडतं. पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या फोटोला मात्र लेझी लावू नये, कारण मग नेमका तोच उशिरा येतो.